सातव्या पाताळातली तारीख

आमच्या घरात सात पाताळं होती आणि ती सगळी लोखंडी पलंगाखाली, पापडाच्या डब्यामागे गुंडाळून ठेवलेली असत. भोईवाड्यातल्या आमच्या एका खोलीत आणखी कुठे ठेवणार? पलंगावर बाबा, पलंगासमोर आईची शेगडी आणि दोन मोठे स्टोव्ह, भिंतीला टेकून डब्यांची चळत आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघं, मी आणि माझा मोठा भाऊ नंदू. आई खानावळीचे डबे करायची. कोकणातून एकटेच आलेले सात-आठ पुरुष तिच्याकडे जेवायला होते. सकाळी साडेनऊच्या आत त्यांचे डबे जायचे आणि मग दिवसभर खोलीत तिरफळाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि तळलेल्या बांगड्याचा वास राहायचा. तो माझ्या वह्यांना लागायचा, गणवेशाला लागायचा आणि पाताळांच्या नकाशांनाही लागायचा. मी पुढे दादरच्या एका शाळेत अख्खी नोकरी भूगोल शिकवला, वर्गात शेकड्याने नकाशे टांगले, पण नकाशा म्हटला की मला अजून बांगड्याचा वास येतो. मुलांना हे कधी सांगितलं नाही. आधीच माझ्या तासाला ती कमी हसत नसत.

पाताळांचं पुस्तक नंदूने आणलं. फोर्टात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे, एका ढिगाच्या तळाशी त्याला ते सापडलं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आत राक्षसांच्या दुनिया होत्या, एकीखाली एक. त्यांच्या सैन्यांची चित्रं, एका दुनियेतून दुसरीत जायची दारं, दारांवरचे राखणदार आणि हे सगळं घेऊन चारचौघांनी गोल बसून खेळायचा एक खेळ. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपण काय करतो ते बोलायचं. इंग्रजी कठीण होतं, पण नंदूला इंग्रजी यायचं. कॉलेज अर्धवट सोडून तो कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली बसणाऱ्या एका टायपिस्टकडे कामाला लागला होता. दिवसभर लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं बडवायची, त्यामुळे न समजणारं इंग्रजी धीराने वाचायची त्याला सवय होती. त्या टायपिस्टकाकांची एक शिकवण तो घरी येऊन त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ऐकवायचा. ज्याची केस कच्ची आहे त्याने निकाल मागायचा नाही, तारीख मागायची. आम्ही खूप हसायचो.

पुस्तकातली राक्षसांच्या दुनियांची नावं आम्हा कोणाच्या तोंडात बसेनात. मग बाबांनी पलंगावरून, डोळे मिटूनच, एका दमात सांगितलं, "अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ. लिवन घे." बाबांना हे पाठ असायचं कारण होतं. गिरणीत होते तेव्हा ते मंडळाच्या दशावतारात राक्षसाची कामं करायचे. गिरणी सुटली, मग ते एका सोसायटीत वॉचमन झाले आणि राक्षस बंद झाला. पण आवाज राहिला होता. रात्रपाळी करून आलेले बाबा सकाळी दूधवाल्याला हाक मारायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला रडू फुटायचं. तर इंग्रजी पुस्तकातल्या दुनियांना अशी आमची नावं मिळाली आणि गोष्टही आमचीच झाली. आमच्या गावची नदी राक्षसांनी खाली ओढून नेली होती. तिच्या कोरड्या पात्रातून चालत, एकेक पाताळ ओलांडत, सातव्यात जाऊन ती परत आणायची. खेळणारे दोघंच, मी आणि नंदूचा मित्र अनिल. अनिल प्रभादेवीच्या कोळीवाड्यातला. त्याची आई परळच्या बाजारात मासे विकायची, आमच्या आईचे बांगडे तिच्याकडूनच यायचे. अनिलला आम्ही अन्या म्हणायचो. तो आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे जेवायचा आणि रोज आईच्या आमटीला नावं ठेवायचा.

या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. असा फासा आम्ही चित्रातही धड पाहिला नव्हता. नंदूने साबणाच्या वडीचा कोरून पाहिला. तो सारखा एकाच अंगावर पडायचा आणि शेवटी बाबांनी त्याने आंघोळ केली. मग कोजागिरीला चाळीत हाऊजी खेळायचे त्या जुन्या संचातल्या लाकडी चकत्या आम्ही मागून आणल्या, एक ते वीस. आईने ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्याची नाडीची पिशवी शिवून दिली. पिशवीत हात घालायचा, एक चकती काढायची, आकडा बघायचा, परत टाकायची. प्रत्येक पाताळाच्या दाराशी राखणदाराशी लढाई असे. तिचा नियम साधा होता. वीस आला तर दार उघडलं. एक आला तर तुम्ही तिथेच संपलात. मधलं काहीही आलं तर लढाई चालू. एका बैठकीला प्रत्येकाने एकदाच हात घालायचा आणि लढाई चालू असताना पिशवी उलटी करायची नाही. हा शेवटचा नियम अन्यामुळे झाला. तो चकत्या तपासण्याच्या नावाखाली वीसच्या कडेला नखाने खूण करताना सापडला होता.

आणि गाऱ्हाणं. कोकणातल्या माणसाचं कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग ती पेरणी असो की नाटक. आमचा खेळही त्यातून सुटला नाही. आम्ही नकाशे पसरले की बाबा उठून बसायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळायचे आणि सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा! ही पोरां आज पाताळाच्या वाटेक लागली हत."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं ओरडायचो.

"त्यांच्या वाटेत कोण आडो इलो, उभो इलो, तर तेका बाजूक सार."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या अनिलाक जेवणाच्या येळेक तरी आपल्या घराक धाड."

"व्हय म्हाराजा!" हे मी आणि नंदू, जरा जास्तच जोरात.

दर उंबरठ्यावर दार उघडलं तरी फुकट आत सोडत नसत. काहीतरी मागे ठेवावं लागे आणि ठेवलेलं परत मिळत नसे. पहिल्या दाराशी मी माझी सावली ठेवली. वितलाच्या दाराशी राखणदाराने, म्हणजे नंदूने, अन्याकडे माशाची चव मागितली. "म्हणजे यापुढे तुला म्हावरं कसं लागतं ते कळणार नाही," नंदूने शांतपणे सांगितलं.

अन्या नकाशावरून उठलाच. "ए, भंकस नको हा! दुसरं काय पण माग. हात घे एक."

"हात नको. चव."

"डोळा घे ना, साल्या! आंधळा कोळी चालेल, हा कसला लोचा?"

शेवटी त्याने चव दिली, पण त्या दिवशी तो आमच्याकडे न जेवता घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तो सांगत आला, "आयशप्पथ सुले, काल आईच्या कालवणात खरंच काय चव नव्हती." सुले म्हणजे मी. आम्ही त्या खेळात इतके बुडलेले असायचो. संध्याकाळी कोर्टाबाहेरच्या टाइपरायटरांची टकटक थांबली की नंदू घरी येई. आई दुसऱ्या पाळीच्या डब्यांसाठी कांदा चिरायला घेई आणि आमची राक्षसांची सैन्यं जमिनीवर एकमेकांना भिडत. तांबडं सैन्य म्हणजे मसूर, पांढरं म्हणजे वाल. लढाई संपली की आई दोन्ही सैन्यं पाण्यात भिजत घाली.

पाताळांतली युद्धं नंदूने कोर्टातून उचलली होती. तलातलातले राक्षस एका टेकडीसाठी किती पिढ्या लढतायत ते त्यांनाच माहीत नव्हतं. हरायला लागलं की ते तारीख घ्यायचे. शिंग वाजायचं, तलवारी खाली, पुढच्या अमावास्येला परत. महातलात आम्ही एका म्हाताऱ्या राक्षसाला विचारलं की हे संपणार कधी, तर तो म्हणाला, "संपलं तर हरणाऱ्याचं काय होईल?" तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. माझी मुलगी हल्ली प्रभादेवीच्या एका कॅफेत जाऊन असलेच खेळ खेळते. मध्ये तिने मला दाखवायला खराखुरा वीस बाजूंचा फासा आणला, जांभळा, काचेसारखा. मी तो हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि चहाला उठले. तिला वाटलं आईला यातलं काही कळत नाही.

रसातलाचं दार उघडलं आणि आम्ही पाताळाच्या, सातव्या आणि शेवटच्या, दाराशी पोचलो तेव्हा नंदूला ताप येत होता. आधी सगळे म्हणाले मलेरिया. मग त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग दिसायला लागले. देशभरातून लोक ज्या रुग्णालयात यायला धडपडतात, येऊन समोरच्या फुटपाथवर चुली मांडतात, ते आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्या फुटपाथवरच्या माणसांना आई कधीमधी उरलेला भात नेऊन द्यायची. आता तीच रोज दुपारी तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी घेऊन त्यांच्यामधून वाट काढत आत जायला लागली. रक्ताचा आजार होता. त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, ते बाबांना म्हणता येईना, मला येत होतं पण मी म्हणत नसे. गावाकडून चुलत्याने निरोप धाडला की देवळात कौल लावून बघतो. देवाच्या अंगावर तांदूळ किंवा फुलाच्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आई म्हणाली, आता नको. तिला त्या उत्तराची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं.

नंदूने पहिल्याच आठवड्यात पिशवी मागवून घेतली. नकाशे वॉर्डात मावणारे नव्हते, पण सातव्या पाताळाला नकाशाच नव्हता. तिथे फक्त एक दार होतं आणि दारावर उभा एक राखणदार, ज्याला पाठ नव्हती, सगळीकडून तोंडच होतं. भेटीच्या वेळेत मी आणि अन्या खाटेच्या दोन बाजूंना बसायचो, नंदू उशीला टेकून अगदी हळू आवाजात गोष्ट सांगायचा. शेजारच्या खाटेवर बिहारहून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील आमच्याकडे टक लावून बघायचे. बाबांनी तिथेही गाऱ्हाणं सोडलं नाही, नुसता आवाज खाली आणला. दोन दिवसांत ते बिहारी काका आमच्याबरोबर "होय महाराजा" म्हणायला लागले. कशाला होय म्हणतोय हे त्यांना माहीत नव्हतं. पण त्या वॉर्डात होय म्हणायला मिळतंय तर कोण सोडणार?

मी नऊ काढला, लढाई चालू. अन्याने सोळा काढला, लढाई चालू. असे दोन-तीन दिवस गेले आणि मग एका दुपारी आई पेजेचा डबा बाजूला ठेवून पुढे आली. तिने आयुष्यात कधी आमच्या खेळात डोकं घातलं नव्हतं, डाळी परत मागण्यापलीकडे. पदर खोचून ती खाटेशी उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "गाऱ्हाणा घाला. आज मी काडतंय."

बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं, पण मध्येच आईने ते त्यांच्याकडून काढून घेतलं. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं. "बा देवा म्हाराजा! माजो झील हयसर दाराशी उभो आसा. वीस इलो तर तो माज्या घराक येतलो."

कोणी होय म्हणेना. मी नंदूकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. फक्त बिहारी काका म्हणाले, "होय महाराजा."

"आणि एक इलो तर..." आई थांबली. तिने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

"आई, ह्यो खेळ आसा गो," नंदू म्हणाला.

"खेळ तर खेळ. देव तरी काय करता? तो पण खेळताच," आई म्हणाली आणि तिने पिशवीत हात घातला.

अकरा आला. नंदू म्हणाला, "लढाई चालू." मग त्याने पिशवीची नाडी आवळली आणि ती आपल्या उशीखाली ठेवली. तोपर्यंत ती मी रोज घरी घेऊन जात होते. "राहू दे हितेच," तो म्हणाला.

आमच्यासारखी माणसंच अशी चूक करू शकतात. कोर्टाबाहेर अर्ज बडवणारा मुलगा, दशावतारातला राक्षस, कौलावर पेरणी ठरवणाऱ्या गावची बाई. एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातल्या खेळाचा आम्ही कौल केला. आणि कौल म्हटल्यावर मग कुणाला हसता येईना. मी हसत होते असं मला आता सांगायला आवडलं असतं, पण मीही मानत होते. अन्या मानत होता. बाबांनी तर स्वतःच पहिल्या दिवसापासून त्या पिशवीपुढे देवाला बोलावलं होतं, ते आता कुठल्या तोंडाने म्हणणार की या नुसत्या लाकडाच्या चकत्या आहेत? दुपार कधी होते याची आई वाट बघायची. डब्यांत मीठ कमी पडायला लागलं, एकदोघांनी डबा बंद केला, तिचं लक्ष नव्हतं. रोज ती हात घालायची. सात. बारा. चार. लढाई चालू. दिवसभर तिच्या पायात जे बळ दिसायचं ते या दोन शब्दांचं होतं.

एकदा डॉक्टरांनी बाबांना बाजूला बोलावलं. बाबा जिन्यात येऊन कठड्याला धरून उभे राहिले. आई पेज घेऊन वर येत होती. बाबा तिला म्हणाले, "डॉक्टर म्हणतत, आता औषधान काय होवचा नाय. फक्त बघूचा."

आईने डबा या हातातून त्या हातात घेतला. "पण एक नाय इलो मा अजून?"

राक्षसाच्या आवाजाचा तो माणूस जिन्यात गप्प उभा राहिला आणि आई त्याच्या बाजूने वर निघून गेली. त्यानंतर कोणीही काही सांगितलं की तिचं हेच उत्तर असायचं. पांढऱ्या पेशी वाढल्या, पण एक नाही आला. रात्री दोनदा रक्त चढवलं, पण एक नाही आला. नर्सला ती कोणी अडाणी बाई वाटायची. नर्सची चूक नव्हती.

अन्याला आधी संशय आला. पाण्याच्या कूलरपाशी त्याने मला गाठलं. "सुले, तुला काय वाटतं, पिशवीत वीस हाय ना?"

"असेल की. कुठे जाणार?"

"इतके दिवस आपण तिघं काढतोय. एकदा पण नाय? मी बोलतो, पिशवी उलटी करूया."

तो तावातावाने वॉर्डात गेला आणि मी त्याच्यामागे. नंदूला त्याने सरळ विचारलं. नंदूने उशीखालची पिशवी काढली, छातीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. "लढाई चालू असताना?" तो म्हणाला. त्याचा हात तेव्हा इतका बारीक झाला होता की घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत सरकायचा. चकत्यांना नखाने खुणा करणारा अन्या त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं बाबा, तुझाच नियम," आणि आपली पाळी आल्यावर गुपचूप हात घातला. तेरा.

नंदू गेला तो एका दुपारी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या थोडी आधी. आई गेटवर रांगेत होती. हातात पेजेचा गरम डबा होता आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून ती वॉचमनशी भांडत होती. बाबा वरून उतरत आले, त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि तिला कळलं. यापेक्षा जास्त मला त्या दिवसाचं लिहायचं नाही. लोक म्हणतात, लिहिल्याने मन हलकं होतं. माझं झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही.

वॉर्डातून त्याचं सामान मिळालं. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं घर आणि पिशवी. दिवस उरकले, पाहुणे गावी परतले, खोलीत आम्ही तिघं उरलो. अन्या तेवढा येऊन दाराशी बसायचा. आई डबे करत नव्हती, खोलीला कसलाच वास नव्हता आणि मला ते सहन होत नव्हतं. एका सकाळी आईने फळीवरची पिशवी काढून माझ्यापुढे टाकली. "उलटी कर," ती म्हणाली. "आता लढाय नाय ती."

मी पिशवी जमिनीवर उलटी केली. अन्या सरकून जवळ आला आणि आम्ही चकत्या ओळीत लावल्या. दोन, तीन, चार. ओळ एकोणीसला संपली. वीस नव्हता. आणि सुरुवातीला एक आकड्याची चकतीही नव्हती.

आम्ही पलंगाखाली बघितलं, टॉवेल झटकला, पिशवीची शिवण बोटांनी तपासली. मग अन्याने चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली काच पुसायचं पिवळं फडकं होतं, त्याची घट्ट घडी केलेली होती. घडीत दोन चकत्या होत्या.

बाबांनी त्या हातात घेतल्या. वीसच्या कडेला अन्याच्या नखाची जुनी खूण होती. बराच वेळ त्यांनी ती अंगठ्याने चाचपली. "झील तारीख घेत ऱ्हवलो," बाबा म्हणाले. "रोज."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने बाबांच्या हाताकडे बघितलं आणि मग आमच्याकडे, जणू आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. "म्हणजे तेणा माका इचारूकच दिल्यान नाय," ती म्हणाली.

मला नंदूचा राग आला. अजून येतो. वीस काढून ठेवला हे मी समजू शकते. खोटी आशा तिच्या हातात पडू नये, असं त्याला वाटलं असेल. एक काढून ठेवला हेही समजतं. पण दोन्ही काढून त्याने आईला रोज दुपारी रिकाम्या दारापुढे उभं केलं आणि आपण पलीकडून तिचा चेहरा बघत राहिला. कधीकधी वाटतं, एक पिशवीत राहू द्यायला हवा होता. तो आला असता तर आई त्या दिवशी कोसळली असती, पण मग उरलेले दिवस ती त्याच्याशी बोलली असती. आम्ही कोणीच त्याच्याशी बोललो नाही. आम्ही फक्त आकडे काढले. हा राग कुणावर काढू? ज्याच्यावर काढायचा तो नाही, आणि जगायचं होतं तेही त्यालाच, हे मला कळतं.

अन्या चकत्या गोळा करून पिशवीत भरायला लागला, तेव्हा आईने हात पुढे केला. बाबांच्या हातातल्या दोन्ही चकत्या तिने घेतल्या, स्वतः पिशवीत टाकल्या आणि पिशवी नीट हलवली. आता वीसच्या वीस होत्या. गाऱ्हाणं कोणी घातलं नाही. खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या. आईने पिशवीत हात घातला, आत थोडा वेळ चाचपडली आणि मूठ बंद करूनच हात बाहेर काढला.

"काकी," अन्या म्हणाला. "काय आलं?"

आईने मुठीकडे पाहिलं. मग हात परत पिशवीत नेला, मूठ आतच उघडली आणि रिकामा हात बाहेर काढला. चकती चकतीवर पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"आता मी काय इचारतलंय?" ती म्हणाली आणि तिने नाडी आवळली.